खेळ पारखायचा तो बैठकीसकट

‘एखादा चांगला बोर्डगेम सुचवा’ असं कुणी म्हणालं, की आधी त्यालाच काही गोष्टी विचारून घ्याव्या लागतात. खेळायला किती जण बसणार? त्यांत सगळ्यांत धाकटं कोण आणि थोरलं कोण? सगळ्यांना इंग्रजी वाचता येतं का? हरल्यावर कुणी दोन दिवस धुसफुसत राहतं का? ही उत्तरं हाती आल्याशिवाय कुठल्याही खेळाचं नाव घेण्यात अर्थ नसतो. खोक्यात पट, पत्ते, सोंगट्या आणि नियमांची पुस्तिका मिळते. डाव मात्र भोवती बसलेली माणसं घडवतात. तोच खेळ एका घरात रात्री बारापर्यंत रंगतो आणि दुसऱ्या घरात अर्ध्या तासात मोडतो. म्हणून परीक्षण लिहायचं ते बैठकीसकट लिहायला हवं, आणि वाचणाऱ्यानंही आपली बैठक डोळ्यांपुढे ठेवून ते वाचायला हवं.

हे जर्मनीतल्या समीक्षकांना फार लवकर उमगलं. तिथे खेळांवर वर्तमानपत्रांत गांभीर्यानं लिहिलं जात होतं. अशाच लिहिणाऱ्यांनी 1978 साली एकत्र येऊन ‘श्पील डेस यारेस’, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळ, असा पुरस्कार सुरू करायचं ठरवलं. 1979 साली पहिला मान डेव्हिड पार्लेट या इंग्रज रचनाकाराच्या ससा-कासवाच्या शर्यतीवरच्या खेळाला मिळाला. निवड समितीत खेळ बनवणारे किंवा विकणारे नसतात, फक्त समीक्षक असतात. विजेत्याला रोख बक्षीस नाही. खोक्यावर लाल सोंगटीचं चिन्ह छापता येतं, तेही शुल्क भरून. पण त्या चिन्हानं खेळाचा खप कितीतरी पटींनी वाढतो.

मला या पुरस्कारापेक्षाही समितीनं 2011 साली केलेली वाटणी जास्त मोलाची वाटते. खेळ वर्षागणिक गुंतागुंतीचे होत चालले होते. लाल सोंगटी पाहून खोकं घरी नेणाऱ्या कुटुंबाला काही वेळा पुस्तिकेचाच धसका बसायचा. तेव्हा समितीनं जाणत्या खेळाडूंसाठी ‘केनरश्पील’ नावाचा वेगळा पुरस्कार काढला. त्याची सोंगटी काळपट करडी. पहिला मान ‘सेव्हन वंडर्स’ला मिळाला. लहान मुलांच्या खेळांसाठी निळी सोंगटी 2001 पासूनच होती. अवघड खेळ तो श्रेष्ठ आणि सोपा तो कनिष्ठ, असं या वाटणीत कुठेही नाही. कुणासाठी, एवढंच ती सांगते. याउलट 2000 साली सुरू झालेल्या ‘बोर्डगेमगीक’ या महाजालावरच्या सूचीत गुण देणारे बहुतेक जण मुरलेले खेळाडू. साहजिकच वरच्या क्रमांकांवर जड खेळ दिसतात आणि नवखा माणूस ‘जगातला एक नंबर’ म्हणून नेमका तोच मागवतो. त्या सूचीत क्रमांकापेक्षा कामाचा आकडा आहे तो खेळाच्या वजनाचा, एक ते पाच असा. ‘कॅटान’चं वजन दोनच्या थोडं वर आहे, ‘ब्रास बर्मिंगहॅम’चं चारच्या जवळ. पहिल्या खरेदीला अडीचच्या पुढे जाऊ नये, असं माझं मत.

आता ‘कॅटान’कडेच वळू, कारण आधुनिक पटखेळांच्या नादाला लागलेल्या असंख्य लोकांचं ते पहिलं दार आहे. क्लाउस टॉयबर या जर्मन रचनाकाराचा हा खेळ 1995 साली आला. टॉयबर पेशानं दंततंत्रज्ञ. उरलेल्या वेळात खेळ रचायचे. 2023 साली ते गेले. एका बेटाचे 19 षटकोनी तुकडे, त्यांवर लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज पिकतं. एक तुकडा वाळवंटाचा, तिथे काही पिकत नाही. बाकी प्रत्येक तुकड्यावर एक आकडा. फासे टाकले, बेरीज आठ आली, की आठ आकड्याच्या तुकड्याला लागून ज्यांची वस्ती असेल त्या सगळ्यांना माल मिळतो, फासे कुणीही टाकलेले असोत. दहा गुण आधी जमवील तो जिंकला.

फासे कुणाचेही असोत, माल सगळ्यांना, ही बारीकशी दिसणारी गोष्ट खेळाचा जीव आहे. जुन्या खेळांत दुसऱ्याची पाळी म्हणजे आपला चहाचा वेळ. इथे दुसऱ्याच्या पाळीलाही कान टवकारलेले राहतात, कारण माल येऊ शकतो आणि सौदाही होऊ शकतो. ‘एक लोकर देतो, वीट दे.’ ‘दोन लोकर दे, मग बघू.’ ज्या घरात घासाघीस आवडते तिथे ‘कॅटान’ फुलतो. ज्या घरात सगळे मुकाट्यानं पट बघत बसतात तिथे तो अर्धामुर्धा होतो. परीक्षणात ‘परस्परसंवाद भरपूर’ असं लिहून हे कळत नाही. कोण बोलणार आहे ते पाहावं लागतं.

पण ‘कॅटान’चा दोषही स्पष्ट सांगायला हवा. डावाचं बरंचसं भवितव्य पहिल्या दोन वस्त्या मांडतानाच ठरतं. दोन फाशांच्या 36 शक्यता. त्यांत सात सहा वेळा येतो, सहा आणि आठ प्रत्येकी पाच वेळा, दोन आणि बारा फक्त एकेकदा. आकड्याखाली तितकेच ठिपके छापलेले असतात. ज्यानं आपली वस्ती 8, 5 आणि 10 या तीन तुकड्यांच्या मधोमध ठेवली, त्याचे ठिपके 5, 4 आणि 3 मिळून 12. नवख्यानं केवळ जागा छान दिसते म्हणून 3, 11 आणि 12 च्या मध्ये वस्ती केली, तर त्याचे ठिपके पाच. छत्तीस फेकींत एकाला सरासरी बारा पत्ते, दुसऱ्याला पाच. मग तो बिचारा तासभर रिकाम्या हातानं बसून राहतो आणि ‘आपल्याला असले खेळ जमत नाहीत’ असं मनाशी ठरवून टाकतो. दोष त्याचा नाही, सांगणाऱ्याचा आहे. ठिपक्यांची बेरीज करायला दोन मिनिटं शिकवली की हे टळतं. पुस्तिकेत नवख्यांसाठी पटाची आणि वस्त्यांची तयार मांडणी दिलेली आहे, तीही पहिल्या डावाला जरूर वापरावी.

बेरीज नीट करूनही फासे दगा देतात. दहा फेकींत एकदाही आठ न येण्याची शक्यता 22 टक्क्यांच्या आसपास आहे. मुरलेल्या खेळाडूंना हे खटकतं आणि ते ‘नशिबाचा खेळ’ म्हणून नाक मुरडतात. माझं मत वेगळं आहे. बारा वर्षांची भाची, तिची आई आणि बुद्धिबळ खेळणारे आजोबा एकत्र बसणार असतील, तर थोडं नशीब हवंच. त्याशिवाय पहिल्या बैठकीत भाची जिंकण्याची शक्यता उरत नाही, आणि ती जिंकली नाही तर दुसरी बैठक होत नाही. फाशांचा राग येणाऱ्यांसाठी वेगळे खेळ आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ.

शिकवायला सगळ्यांत सोपा चांगला खेळ कोणता म्हणाल, तर ॲलन मून यांचा ‘टिकेट टू राइड’. 2004 चा विजेता. पाळीला तीनपैकी एकच गोष्ट करायची: रंगीत पत्ते घ्या, नाहीतर पत्ते देऊन पटावरच्या दोन शहरांमधला रेल्वेमार्ग आपल्या डब्यांनी व्यापा, नाहीतर नवी तिकिटं काढा. तिकिटावर दोन शहरं असतात, ती जोडली तर गुण, शेवटपर्यंत जोडता आली नाहीत तर तितकेच वजा. सिअॅटल ते न्यू यॉर्क हे तिकीट 22 गुणांचं. एकाच मार्गाच्या तुकड्यावर कुणी आधी डबे ठेवले आणि तुमचा रस्ता तुटला, तर मिळणारे 22 जाऊन वर 22 वजा. फरक 44 चा. त्यामुळे हातात पत्ते जमवत राहायचं की आत्ताच मार्ग अडवायचा, ही घालमेल अगदी पहिल्या डावापासून सुरू होते. नियम दहा मिनिटांत सांगून होतात आणि तरी डोक्याला काम राहतं. जोडप्यांना किंवा तिघांना हा खेळ जरा मोकळा वाटेल. शेजारी शेजारी असलेल्या जोडमार्गांपैकी एकच वापरायचा असा नियम तेव्हा लागू होतो, तरीही. चौघे-पाच जण बसले, की पटावर अक्षरशः खेटाखेटी होते.

खेळाडूंची संख्या किती फरक पाडते ते पाहायचं तर ‘अझुल’ घ्यावा. मिखाएल कीसलिंग यांचा हा खेळ 2018 चा विजेता. पाच रंगांच्या शंभर फरशा. टेबलावर गोल तबकड्या, प्रत्येकीवर चार फरशा. एका तबकडीवरच्या एकाच रंगाच्या सगळ्या फरशा उचलायच्या, उरलेल्या मध्यभागी ढकलायच्या. उचललेल्या फरशा आपल्या पाटीवरच्या एकाच ओळीत बसवायच्या. ओळी एकापासून पाच घरांच्या. न मावलेल्या फरशा खाली पडतात आणि गुण जातात: पहिल्या दोन फरशांचे एकेक, मग दोन-दोन, मग तीन-तीन.

दोघांच्या डावात पाच तबकड्या, एकूण वीस फरशा. फेरीच्या शेवटाला मध्यभागी पाच लाल फरशा साचल्या आहेत, त्यांखेरीज दोन-तीन रंगांचे किरकोळ ढीग उरले आहेत. तुमच्या लाल ओळीत दोनच घरं रिकामी. आता पाळ्या मोजायला लागायचं. किरकोळ ढीग सम असतील तर त्या पाच लाल तुमच्याच गळ्यात येणार: दोन बसतील, तीन पडतील, चार गुण वजा. म्हणून तुम्ही दोन खेळ्या आधीच एक तबकडी अशी उचलता, की मध्यभागी एक नवा रंग पडावा आणि ढिगांची संख्या विषम व्हावी. समोरच्याला ते तुमच्या डोळ्यांत दिसतं. दोघांचा ‘अझुल’ असा अटीतटीचा. चौघांचा डाव मांडला की नऊ तबकड्या, छत्तीस फरशा, आणि आपली पाळी परत येईपर्यंत तिघांनी उचलाउचल केलेली. मोजून काही हाती लागत नाही. जे समोर असेल त्यातलं बरं ते घ्यायचं. तोही डाव छान होतो, गप्पा मारत होतो. पण हे दोन वेगळे खेळ आहेत, आणि किती जणांत खेळून मत बनवलं हे न सांगता ‘अझुल’वर लिहिलेलं परीक्षण अपुरं आहे.

‘अझुल’मधल्या फरशा पोर्तुगीज अझुलेझुंच्या, म्हणजे भिंतींवरच्या चित्रफरशांच्या, धर्तीवरच्या. गोव्यात ज्यांनी पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या दालनातली निळी-पांढरी फरशीचित्रं पाहिली आहेत, त्यांना तबकडीवरची निळी फरशी ओळखीची वाटेल. पण खरं सांगायचं तर या खेळात कथा केवळ वरवरची आहे. फरशांऐवजी रंगीत गोळ्या ठेवल्या तरी डाव तसाच चालेल. ते वैगुण्य नाही. हातात घेतल्यावर होणारा टणक, गुळगुळीत स्पर्श हेच तिथलं सुख.

मराठी घरांसाठी लिहिताना आणखी एक कसोटी लावावी लागते, ती परदेशी परीक्षणांत सापडणार नाही: पत्त्यांवरचा मजकूर. ‘अझुल’मध्ये एक अक्षरही वाचावं लागत नाही. ‘कॅटान’मध्ये विकासपत्त्यांवर थोडं इंग्रजी आहे, पण ते तोंडी सांगता येतं. जिथे प्रत्येक पत्त्यावर दोन ओळी इंग्रजी आहेत तिथे आजीला दर वेळी कुणाला तरी पत्ता दाखवून विचारावं लागणार, म्हणजे तिचा पत्ता उघडा पडणार. आजी दोन डावांनंतर ‘तुम्ही खेळा’ म्हणते, ते कंटाळून नव्हे.

याउलट काही खेळ सरळ मराठीत आणता येतात. 2019 चा विजेता ‘जस्ट वन’ तसा आहे. सगळे एका बाजूचे. एकानं शब्द ओळखायचा, बाकीच्यांनी आपापल्या पाटीवर एकेका शब्दाचा इशारा लिहायचा. पण दोघांनी एकच इशारा लिहिला असेल, तर ओळखणाऱ्यानं पाहण्याआधी ते दोन्ही पुसायचे. शब्द आहे ‘पाऊस’. मनात आधी ‘छत्री’ येते; पण ती सगळ्यांच्याच मनात येणार. म्हणून एक जण ‘बेडूक’ लिहितो, एक ‘भजी’, एक ‘जून’, आणि ‘एवढं सोपं कोण लिहील’ असा विचार करून दोघं ‘छत्री’च लिहितात. दोन्ही छत्र्या बाद. ओळखणाऱ्यापुढे बेडूक, भजी आणि जून. मूळ शब्दपत्ते बाजूला ठेवून घरच्या घरी मराठी शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या, की तीन पिढ्या यात सहज सामावतात. नवख्यांच्या मोठ्या बैठकीसाठी याहून खात्रीचा खेळ मला माहीत नाही.

सगळे एका बाजूचे असणारे खेळ हरण्याचं दुःख वाटून घेतात, पण त्यांची स्वतःची एक व्याधी आहे. मॅट लीकॉक यांचा 2008 चा ‘पॅन्डेमिक’ पाहा. जगाच्या नकाशावर 48 शहरं, त्यांत मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईही. चार रोग पसरत जातात. प्रत्येकानं पाळीला चार कामं करून ते आवरायचे आणि त्यांवर इलाज शोधायचे. खेळ अप्रतिम बांधलेला आहे. मात्र बहुतेक सगळी माहिती सगळ्यांपुढे उघडी असते. त्यामुळे बैठकीत एखादा हुशार, उत्साही काका असला, की तो ‘तू दिल्लीहून मुंबईला जा, तिथला एक ठोकळा उचल, मग कराचीला’ असं सगळ्यांच्या वतीनं खेळू लागतो. बाकीचे फक्त सोंगट्या हलवतात. नियमांत त्यावर उपाय नाही. परीक्षकानं मात्र तो धोका सांगायलाच हवा.

तुमच्याकडे असा काका असेल तर ‘द क्रू’ घ्या. टोमास झिंग यांचा हा पत्त्यांचा खेळ 2020 चा केनरश्पील. चार रंग, एक ते नऊ आकडे, आणि चार रॉकेटं, ती कायमची हुकूम. मेंढीकोट किंवा जजमेंट खेळलेल्या घराला बाकी काही समजावून सांगावं लागत नाही: रंगाला रंग घालायचा, नसेल तर हुकूम मारता येतो, मोठा पत्ता हात नेतो. फरक एवढाच, की इथे सगळे एका संघात आहेत आणि ठरलेला पत्ता ठरलेल्या भिडूच्याच हातात गेला पाहिजे. आणि बोलायला बंदी. प्रत्येकाला डावात एकदाच आपला एक पत्ता उघडा ठेवून, तो त्या रंगातला सगळ्यांत मोठा, सगळ्यांत लहान की एकुलता एक, एवढंच खुणेनं सांगता येतं. काकांना गप्प बसावं लागतं आणि बाकीच्यांना स्वतःचं डोकं चालवावं लागतं. जर्मन समितीनं हा जाणत्यांच्या गटात टाकला, पण पत्ते कुटण्यात हयात गेलेल्या मराठी घरांत तो नवख्यांचाच खेळ आहे. पुरस्काराचा रंगही अशा वेळी आपल्या बैठकीप्रमाणे बदलून वाचावा.

मुरलेल्यांसाठी लिहिताना प्रश्न बदलतात. नियम किती वेळात कळतात, यापेक्षा पाचव्या डावाला नवीन काही सापडतं का, हे तिथे महत्त्वाचं. एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा ‘विंगस्पॅन’ 2019 चा केनरश्पील, आणि त्यांचा प्रसिद्ध झालेला हा पहिलाच खेळ. 170 पक्ष्यांचे पत्ते, प्रत्येकावर त्याचा अधिवास, खाणं, घरट्याचा प्रकार, पंखांचा विस्तार. इथे कथा खेळाच्या आत उतरली आहे. काही शिकारी पक्ष्यांच्या पत्त्यांवर गड्डीतला वरचा पत्ता पाहायचा. त्या पक्ष्याचा पंखविस्तार 75 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर शिकार साधली, नाहीतर सुटली. चार फेऱ्या, त्यांत आठ, सात, सहा आणि पाच खेळ्या. म्हणजे पक्षी वाढत जातात तशा खेळ्या कमी होतात, आणि शेवटच्या फेरीत पाचच खेळ्यांत सगळं जमवायचं. सुंदर रचना आहे. पण पाच जण बसले तर आपली पाळी येईपर्यंत फार थांबावं लागतं, आणि दुसऱ्याच्या पाटीत लक्ष घालण्याचं कारण क्वचितच पडतं. दोघांत-तिघांत हा खेळ सर्वांत खुलतो. चित्रं पाहून भुललेल्या नवख्याला तो पहिलाच खेळ म्हणून देऊ नये; पत्त्यांवर इंग्रजी मजकूर आहे, हे वेगळंच.

एकाच बैठकीवरून परीक्षण लिहायची घाई अलीकडे फार दिसते. पहिल्या डावात फक्त पुस्तिका नीट आहे का, ते कळतं. दुसऱ्यांदा वेगळ्या संख्येत, आणि एकदा तरी पूर्ण नवख्या माणसांत तो मांडून पाहावा. खोकं निर्मात्याकडून फुकट आलं असेल तर तसं लिहावं. पत्ते किती जाड, सोंगट्या लाकडी की प्लॅस्टिकच्या, हे दोन ओळींत आटपावं. ते छायाचित्रातही दिसतं. छायाचित्रात न दिसणारं लिहावं: कोण कधी हसलं, कुणी मोबाइल हातात घेतला, डाव संपल्यावर ‘परत मांडू’ असं कोण म्हणालं.

आणि पुरवणी संचांबद्दल वेगळी सूचना द्यावी, कारण तिथे पैसे हमखास वाया जातात. ‘टिकेट टू राइड’चा भारताचा नकाशा 2011 साली निघाला. शहरं एकाहून अधिक वाटांनी जोडली की जादा गुण मिळतात, खेळ जुन्यांनाही नवा वाटतो. पण त्यात डबे आणि रंगीत पत्ते नसतात. मूळ खोकं घरात नसेल तर तो नुसता पट आहे. ‘विंगस्पॅन’चा 2022 सालचा आशियाई पक्ष्यांचा संच मात्र एकट्यानं किंवा दोघांनी स्वतंत्रपणे खेळता येतो. पक्षिनिरीक्षणाची आवड असलेलं जोडपं असेल, तर त्यांनी मूळ खोक्याऐवजी तोच आधी घ्यावा.